दारापुढचा उतार

३ मार्च, सोमवार

उतार झाला! गवंड्यानं सकाळी फळ्या काढल्या. माझ्या फोटोफ्रेमच्या दुकानाच्या उंबऱ्यापासून तिन्ही पायऱ्या झाकत थेट फुटपाथवर. आधी मी एकटाच चढलो-उतरलो, मग बायकोची चाकांची खुर्ची रिकामीच ढकलून पाहिली. जरा उभट झालाय. पण मागून घट्ट धरलं की जमतं.

संध्याकाळी हिला बाहेर आणलं. अपघातात पाय गेल्यापासून ही मागच्या दोन खोल्यांत, फार तर पुढे दुकानात. हॉस्पिटलला न्यायचं म्हणजे मी आणि शेजारचा औषधवाला मिळून खुर्चीसकट उचलायचो. दोघांच्याही कमरा धरायच्या. आता कुणाची मिनतवारी नको! कुणाला विचारलं नाही, कुणाचा शिक्का घेतला नाही. माझं दार, माझी बायको, माझं सिमेंट.

खाली पोचल्यावर ही काही बोलली नाही. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसली. अशा वेळी बोलवतच नाही.

५ मार्च, बुधवार

आता रोज संध्याकाळी बाहेर. कोपऱ्यावरच्या शाळेत ही खेळ शिकवायची. निम्मी गल्ली हिच्या शिट्टीवर धावलेली आहे. येणारा-जाणारा थांबतो. वाकून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारतो — बाई, कशा, आहात? एक जुना विद्यार्थी, आता बँकेत आहे, त्यानं तर हिच्या डोक्यावरून हात फिरवला. किती जीव लावतात लोक!

ही म्हणाली, आत जाऊ. म्हटलं, अगं आत्ता तर आलो. हवा खा जरा.

८ मार्च, शनिवार

मेहुणा आला होता. कर खात्यात जन्म काढला, आता पेन्शन खातो. माझ्याच करातून खातो, हे मी त्याला दर भेटीत ऐकवतो आणि तो दर भेटीत हसतो. आज उतार पाहून हसला नाही. परवानगी घेतलीत का, एवढंच विचारलं.

मग आमची नेहमीसारखी जुंपली. मी सगळं काढलं. दुकानाच्या पाटीवर कर — माझ्या भिंतीवर माझंच नाव, तर ती म्हणे जाहिरात! दरवर्षी पाटी लहान करत आणलीय, आता गिऱ्हाइकाला चष्मा लावून शोधावी लागते. फ्रेमच्या लाकडावर कर, काचेवर कर, दोन्ही एकत्र जोडले की पुन्हा कर. आणि हिच्या चाकांच्या खुर्चीवरसुद्धा! बाईचा पाय गेला, त्यातही सरकारचा वाटा.

तो शांतपणे म्हणाला, “अपघाताच्या दिवशी अँब्युलन्स आली ती कुणाच्या पैशानं आली, भाऊजी?”

उत्तर तो गेल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे.

निघताना बहिणीला विचारत होता, तुला बरं वाटतं का गं बाहेर? मीच सांगितलं, वाटतं म्हणजे काय!

११ मार्च, मंगळवार

पालिकेची नोटीस. दाराला चिकटवून गेले, हातात द्यायचीही तसदी नाही. फुटपाथवर विनापरवाना बांधकाम — ‘एका नागरिकाच्या तक्रारीवरून’. कोण हा नागरिक? दोन्ही पाय धड असलेला कुणीतरी!

हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, मग काढून टाकू या ना. मला भरून आलं. माझ्या डोक्याला ताप नको म्हणून म्हणते. म्हटलं, तू काळजी करू नकोस. हे मी बघतो.

१२ मार्च, बुधवार

औषधवाला. दुसरं कोण असणार? उताराची कड त्याच्या पायरीजवळ येते. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, माझ्याकडे म्हातारी माणसं येतात, अडखळतील. तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आज जाऊन सरळ विचारलं. दुकानात गिऱ्हाइकं होती. असू देत. तो हातातली बाटली खाली ठेवून म्हणाला, “मी? वहिनींच्या वाटेत मी येईन?” त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या दुकानाची जादा किल्ली ठेवतो. त्यानं माझी काढून काउंटरवर ठेवली. मी त्याची आणून दिली.

१५ मार्च, शनिवार

पालिकेच्या अभियंताबाई येऊन गेल्या. तरुण, नम्र, बोलणं गोड. हे जास्त वाईट. उर्मट माणसाशी निदान भांडता येतं!

म्हणाल्या, हा उतार फार उभा आहे, खुर्ची उलटेल. नियमाप्रमाणे चांगला सौम्य हवा. म्हटलं, किती लांब? त्यांनी टेप धरला. टेप फुटपाथ ओलांडून पार रस्त्यात गेला. म्हटलं, मग एवढा करू का? नाही, म्हणाल्या, तो रस्ता आहे. म्हणजे लहान केला तर धोका, मोठा केला तर अतिक्रमण! दुकानाच्या आतून घ्या म्हणाल्या. तसा घेतला तर अर्धं दुकान उतारात जाणार, आणि मग जागेचा वापर बदलला म्हणून त्याची परवानगी वेगळी. हे सांगताना त्यांचाच चेहरा पडला.

जाताना म्हणाल्या, “काका, नियम तुमच्या भल्यासाठीच असतात.”

भलं! ज्याचं भलं करायचं त्याला एकदा विचारावं, एवढीही रीत नाही? संध्याकाळभर तेच डोक्यात. हिला बाहेर बसवून हिच्याशी तेच बोलत होतो. ही रस्त्याकडे पाठ करून बसते हल्ली. गाड्यांचा धूर लागत असेल.

१८ मार्च, मंगळवार

आज एक आजोबा औषध घेऊन निघाले आणि उताराच्या कडेला अडखळले. मी धरलं म्हणून पडले नाहीत. काठी गटारात गेली. मलाच उलट म्हणाले, माफ करा हो, हल्ली नीट दिसत नाही.

औषधवाला दारात उभा होता. बोलला असता तर बरं झालं असतं.

कडेला पिवळा रंग मारला. पण ज्याला दिसतच नाही त्याला रंगाचं काय!

२४ मार्च, सोमवार

पुन्हा पालिका. आता शिपायालाही माझी ओळख झालीय, मला बघताच वर बोट करतो. वर गेलो की खाली पाठवतात. परवानगीच्या अर्जाला फी. अर्ज फेटाळला, फी परत नाही. म्हणजे ‘नाही’ ऐकायचे पैसे. एका कारकुनानं कळवळून सांगितलं, तुमचं बरोबर आहे हो, पण आमच्या हातात काही नाही. त्या इमारतीत एवढे हात आहेत आणि एकाच्याही हातात काही नाही.

बाकावर बसून राहिलो. खूप वेळ. आपण रागावलोय हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा माणूस लहान होत जातो.

२९ मार्च, शनिवार

दुकान आठवडाभर जवळजवळ बंदच. लोकांच्या फ्रेमा भिंतीला टेकून तशाच.

२ एप्रिल, बुधवार

फ्रेमच्या पाठीला लावतो तो पुठ्ठा कापला. ठळक अक्षरांत लिहिलं — मलाही घराबाहेर पडण्याचा हक्क आहे. हिच्या खुर्चीला पुढून बांधला आणि पालिकेच्या फाटकाशी जाऊन बसलो. निघताना ही म्हणाली, मला यायलाच हवं का? म्हटलं, असं कसं, हक्क तुझा आहे!

कडक ऊन. मी छत्री धरून उभा. गर्दी जमली. कुणी पाणी दिलं, कुणी चुकचुकलं. एका बाईनं हिच्या मांडीवर नाणी ठेवली. मी ती उचलून परत दिली, चांगलं खडसावलं. पेपरवाल्यानं फोटो घेतले. हिनं डोळे मिटून घेतले होते. ऊन फार होतं.

परतताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. थकली.

४ एप्रिल, शुक्रवार

पेपरात फोटो! आतल्या पानावर, पण मोठा. मी लगेच फ्रेम केला, चांगली रुंद पट्टी लावून, आणि हिच्या पलंगासमोर टांगला. ही म्हणाली, काढा तो. म्हटलं, असू दे, हुरूप येतो.

९ एप्रिल, बुधवार

नोटिशीवर पालिकेत सुनावणी. पाठ केलेलं सगळं ऐन वेळी विसरलो. एवढंच म्हणालो, “साहेब, माझ्या दारात मी काय करायचं ते ठरवणारे तुम्ही कोण?”

साहेबांनी मान वर केली. “दार तुमचं. फुटपाथ सगळ्यांचा.” आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर येऊन जिन्यात बसलो. मेहुणा बरोबर आला होता. मला वाटलं, आता जिंकल्यासारखं बोलेल. पण त्यानं नुसता खांद्यावर हात ठेवला. त्यानं तर आणखीच हरल्यासारखं झालं.

१५ एप्रिल, मंगळवार

तोडला.

सकाळीच आले. अभियंताबाई स्वतः आल्या होत्या, सावलीत उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे नाही. मशीन लावलं. गवंड्यानं एवढ्या निगुतीनं गुळगुळीत केलेलं, त्याचे बघता बघता तुकडे. तोडण्याचा खर्च माझ्याच नावावर लागणार, घरपट्टीत जोडून येईल म्हणे. माझं मोडायचं आणि मोडल्याचं बिल मलाच!

मी दुकानाच्या दारात बसून होतो. काय करणार? आडवा पडणार होतो, तसं मनात ठरवलं होतं. प्रत्यक्षात नुसता बाजूला सरकलो, त्यांच्या पायात येऊ नये म्हणून.

खाली पुन्हा त्याच तीन पायऱ्या. कोपरे उडालेल्या.

आत जाऊन हिला सांगितलं. हिनं विचारलं, झालं? म्हटलं, झालं. मग ही स्वतःच खुर्ची फिरवून स्वयंपाकघरात गेली. किती दिवसांनी गुणगुणत होती. माझं मन राखायला काय काय करते.

१६ एप्रिल, बुधवार

काही नाही. पायऱ्या झाडल्या.

१९ एप्रिल, शनिवार

असा सोडणार नाही! वकिलाला भेटून आलो. कोर्टात जाता येईल. वर्षं लागतील, पण येईल. हिला रोज यावं लागणार नाही, अधूनमधून मात्र उभं — म्हणजे हजर — राहावं लागेल. वकील म्हणाला, खुर्चीतल्या बाईला पाहून न्यायाधीशही विचार करतात. येताना वाटेत छाती जरा मोकळी वाटली. हिला सगळं सविस्तर सांगितलं. ऐकून घेतलं हिनं. उद्या बोलू म्हणाली.

२० एप्रिल, रविवार

तक्रार हिनं केली होती.

सकाळी चहाचा कप पुढे सरकवत हिनं सांगितलं. आवाज चढवला नाही. पहिल्याच आठवड्यात, मी गिऱ्हाइकाकडे फ्रेम पोचवायला गेलो असताना पालिकेला फोन लावला होता. म्हणाली, “आत जाऊ म्हणून तुम्हाला सांगून पाहिलं होतं. तुम्हाला ऐकूच आलं नाही. पालिकेनं निदान आधी नोटीस तरी दिली. तुम्ही मला एकदा तरी विचारलंत?”

मग आपल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं.

औषधवाल्याकडे जायला हवं. पण आधी हे दार. मघाशी बाहेर उभं राहून विचारलं, आत येऊ का?

अजून ती काही बोललेली नाही.