तेल इतकं स्वच्छ निघालं, त्याबद्दल

दादा,

गैरसमज नको म्हणून आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता घरच्या मोठ्या गाडीचं इंजिन ऑइल बदलायला घेतलं.
२. भाऊजी गाडीखाली गेले. अण्णा बोनेटपाशी उभे राहिले. तू व्हिडिओ कॉलवर होतास. मी टॉर्च धरला.
३. भाऊजींनी इंजिनाचा समजून गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला.
४. त्यामुळे गिअरबॉक्स रिकामा झाला आणि इंजिनातलं जुनं तेल इंजिनातच राहिलं.
५. मी दोनदा सांगितलं. नऊ बावन्नला आणि दहा वाजून पाच मिनिटांनी.
६. इंजिनात वरून आणखी सहा लिटर नवीन तेल ओतलं.
७. गाडी काकांच्या बस डेपोच्या फाटकापर्यंत, म्हणजे सात किलोमीटर, गेली. त्यापुढे गेली नाही.

आता नमस्कार. पत्राची रीत उलटी झाली हे मला कळतं, पण ख्यालीखुशाली आधी लिहिली की तू तेवढीच वाचतोस आणि 'सगळं छान आहे म्हणे' असं वहिनीला सांगून मोकळा होतोस. तिची कंबर कशी आहे? छोटीचे पुढचे दोन दात आले का? इकडे आईची तब्येत ठीक आहे. अण्णांचा रक्तदाब रविवारपासून वर आहे, त्यालाही मीच कारण असल्याचं ते डॉक्टरांना सांगून आले. गाडीची तब्येत वर दिलीच आहे. फोन न करता पत्र का, असं विचारशील. सोमवारी फोन केला तेव्हा तू मीटिंगमध्ये होतास. मंगळवारी 'आवाज तुटतोय गं' म्हणालास आणि तेवढं वाक्य मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. कागदावर आवाज तुटत नाही, म्हणून कुरिअरने पाठवते आहे. सही करून घ्यावं लागेल.

तुला हे प्रकरण एका गाडीपुरतं वाटत असणार, म्हणून त्यात माझं काय अडकलं आहे ते सांगते. काकांच्या डेपोत बेचाळीस बस आहेत. तिथले फोरमन या महिनाअखेर निवृत्त होतायत. दोन महिन्यांपूर्वी काका मला म्हणाले होते, "कुठे लोकांच्या इंजिनांचे अहवाल लिहीत बसलीयेस? ये आणि माझं वर्कशॉप सांभाळ." आपल्या घरात मला उद्देशून 'सांभाळ' हे क्रियापद दूध, कुलूप आणि ताईची मुलं सोडून चौथ्या गोष्टीसाठी पहिल्यांदाच वापरलं गेलं. (मी तीन वर्षं इंजिनं तपासते. अहवाल मी लिहिते, सही वरचे साहेब करतात. त्यांनी एकदा माझ्याच अहवालातला परिच्छेद मला समजावून सांगितला होता.) राजीनाम्याचं पत्र मी लिहून ठेवलं आहे. ते देणार होते सोमवारी. रविवार मध्ये आला.

तेल बदलायची गोष्ट मीच काढली होती, हे खरं. पंधरा महिने झाले होते. शुक्रवारी मी योग्य प्रतीचं सहा लिटर तेल आणलं, नवा फिल्टर आणला, बोल्टखालची तांब्याची चकती आणली आणि शनिवारी दुपारी एकटी तासाभरात करते म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, "तू कशाला हात काळे करतेस? जावईबापूंना बोलवू." भाऊजींचं नळांचं दुकान आहे. त्यामुळे जगात जिथे म्हणून खालून काही गळतं, तो त्यांचा प्रांत, अशी अण्णांची श्रद्धा. आणि वर मार्गदर्शनाला तू, कारण अठराव्या वर्षी तू एका मोटरसायकलचं तेल बदललं होतंस. ती मोटरसायकल पुढे कुणी चालवलेली मी पाहिली नाही, पण हा तपशील घरच्या इतिहासात येत नाही. ताईने सकाळीच फोन करून कळवलं होतं की ह्यांचा शर्ट नवा आहे, खाली काहीतरी अंथरा. तिच्या दृष्टीने त्या दिवसाचा धोका तेवढाच होता, आणि खरं सांगायचं तर शर्टाला काही झालं नाही.

तू उंटावरून शेळ्या हाकल्यास असं मी म्हणणार नाही. उंटावर बसलेल्याला निदान शेळ्या दिसतात. तुला पाऊण तास भाऊजींचा डावा बूट दिसत होता, कारण अण्णांनी फोन टेकवला होता तो पुढच्या चाकाला. त्या बुटाकडे बघून तू "आता जरा उजवीकडे", "हां, तोच, तोच" अशा सूचना देत होतास. बूट हलला की अण्णा मान डोलवायचे. भाऊजी शिरले होते ते ड्रायव्हरच्या दाराच्या बाजूने. इंजिनाखालचं तेलाचं भांडं, ज्याला मेकॅनिक चेंबर म्हणतात, ते पुढे असतं. बाजूने शिरणाऱ्याच्या नाकासमोर येतो तो गिअरबॉक्स. त्यालाही खाली बोल्ट असतो. त्यांना तो आवडला.

बोल्ट निघाला आणि बादलीत मधाच्या रंगाचं, दाट, नितळ तेल पडायला लागलं. त्याला गंधकासारखा उग्र वास होता. इथे थांबून एक साधी गोष्ट लिहिते, ती मी तेव्हाही सांगितली होती: डिझेलच्या इंजिनातून पंधरा महिन्यांनी निघणारं तेल काळं असतं. डांबरासारखं काळं. अपवाद नाही. पण अण्णांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, जसं तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही आलं नव्हतं. (तेव्हा येण्यासारखं कारणही नव्हतं.) "बघा! गाडी कशी ठेवलीये बघा! पंधरा महिने झाले, तेलाला डाग नाही!" मी म्हणाले, "अण्णा, हे इंजिनाचं नाही, गिअरबॉक्सचं आहे. बोल्ट परत लावा." गाडीखालून आवाज आला, "इंजिनिअरबाई, काळं तेल निघतं ते गाडीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचं." आणि चाकाजवळून तू म्हणालास, "अगं, तुझा आवाज घुमतोय इथे. जरा गप्प राहा ना, मला भाऊजींचं ऐकू दे." त्या वेळी भाऊजी काही बोलत नव्हते. ही झाली नऊ बावन्नची वेळ.

दुसरी वेळ बादलीची. तिच्यावर लिटरच्या खुणा आहेत, म्हणूनच मी ती आणली होती. तेलाची धार संपली तेव्हा ते दोनच्या खुणेच्या किंचित वर होतं. मी म्हणाले, "सहा निघायला हवं. दोन निघालंय. चार कुठे गेलं?" हा प्रश्न पहिलीतल्या मुलालाही पडेल. आपल्याकडे त्याला उत्तर तयार होतं. अण्णा म्हणाले, "गाडीने प्यायलं असेल." भाऊजी म्हणाले, "डिझेलच्या गाड्या पितात." तू म्हणालास, "पितात, पितात." तीन पुरुष एकमताने असं बोलले की चार लिटर तेल हवेत विरून जातं आणि उरलेलं दोन लिटर मधासारखं होतं. "फिल्टर तरी बघा," एवढं मी वर म्हणाले. फिल्टर उघडला असता तर काळं तेल अंगावर आलं असतं आणि प्रश्न तिथेच मिटला असता. पण तेलच इतकं स्वच्छ म्हटल्यावर फिल्टर कशाला बदलायचा? तो अजून खोक्यात आहे. आईने त्याच्यावर देवघरातली जास्तीची काडेपेटी ठेवली आहे.

मग नवं सहा लिटर वरून ओतलं गेलं. तेल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे हवं, इतकं ते सोपं असतं. अण्णांनी पट्टी काढली, चष्मा लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. तेल वरच्या खुणेच्या चार बोटं वर होतं. "भरपूर आहे," ते म्हणाले. भाऊजी शर्ट झटकत म्हणाले, "कमी असण्यापेक्षा जास्त केव्हाही बरं." पाहुण्याला वाढताना हा नियम चालतो. यानंतर माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

गाडी थेट काकांकडे नेऊन दाखवायची, ही कल्पना तुझी होती. सर्व्हिसिंगवाल्यांशिवाय घरच्या घरी काय होऊ शकतं ते त्यांना कळू दे म्हणालास. मी मागच्या सीटवर होते. दुसऱ्या चौकातच मागे निळसर धूर दिसू लागला. भाऊजी म्हणाले, नवं तेल आहे, सुरुवातीला धूर निघतो. पुलाच्या चढावर गिअरबॉक्स रडायला लागला. हा शब्द मी अहवालात वापरत नाही, पण दुसरा नाही. अण्णांनी रेडिओचा आवाज वाढवला. डेपोच्या बरोबर फाटकात तिसरा गिअर अडकला आणि गाडी आडवी उभी राहिली. साडेअकराची बस आतच राहिली. तिच्या खिडक्यांतून प्रवाशांनी इतक्या सूचना दिल्या की क्षणभर वाटलं, आपलेच नातेवाईक बसलेत.

काका आले. त्यांच्याबरोबर डेपोचे मिस्त्री. मिस्त्रींनी पट्टी काढून बघितली, गाडीखाली वाकून बघितलं, आणि पट्टी काकांच्या हातात दिली. काकांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

दादा, सकाळपासून तोवर सगळं जावईबापूंनी केलं होतं आणि तू करवून घेतलं होतंस. अण्णांनी वाटेत दोन शेजाऱ्यांना तसं हाक मारून सांगितलंही होतं. काकांचा प्रश्न संपायच्या आत अण्णा म्हणाले, "अरे, इंजिनिअर घरचीच आहे ना. तिच्या देखरेखीखालीच झालं सगळं." भाऊजी म्हणाले, "आम्ही आपले सांगकामे." मी गाडीतून उतरत होते आणि टॉर्च अजून माझ्या हातातच होता, तोही पेटलेला. पुरावा म्हणून तेवढं पुरलं. तू फोनवर होतास. नेमका त्याच क्षणी तुझा कॉल कट झाला. नेटवर्क असेल. मी अण्णांच्या खिशातला फोन नंतर पाहिला, चार दांड्या होत्या.

तुझं काम चांगलं चाललं असेल. छोटीला सांग, आत्या येईल तेव्हा तिला टॉर्च धरायला देणार नाही, पाना देईल. वहिनीला गरम पाण्याने शेकायला सांग आणि ते पाणी तू तापव.

तुझी,
धाकटी

ता. क. १: पत्र खरं यासाठी लिहिलं. काकांना मी सोमवारी स्वतः फोन केला होता. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "अगं, बिघडल्यावर प्रत्येकजण म्हणतो मी आधीच सांगितलं होतं." तिथे माझं बोलणं संपलं, कारण त्यांचं खरं आहे, त्यांच्या जागी मीही तसंच म्हणाले असते. भाऊजी सांगणार नाहीत, अण्णांना आता मी म्हणाले होते हे आठवतही नाही. उरलास तू. काकांना फोन करून तीन वाक्यं सांग: तिने दोनदा सांगितलं. मी ते ऐकलं. मीच तिला गप्प केलं. शब्द तुझे वापर, पण 'लहान आहे, समजून घ्या' हे त्यात घालू नकोस. मी एकोणतीस वर्षांची आहे.

ता. क. २: आई काल पोळ्या लाटताना म्हणाली, "मी खिडकीतून दोन्ही वेळा ऐकलं होतं." मी म्हणाले, मग काकांना सांग ना. ती म्हणाली, "माझं कोण ऐकतंय?" आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

ता. क. ३: एक गोष्ट वर लिहिली नाही. यानंतर माझ्या हातात काही उरलं नव्हतं असं म्हटलं आहे, ते चूक आहे. गाडीची किल्ली माझ्या हातात होती. अण्णांनी मागितली आणि मी दिली. पट्टी बघितल्यापासून गाडी सुरू होईपर्यंत अकरा मिनिटं गेली, आणि गाडी सुरू केली की काय होणार हे त्या जागेवर फक्त मला माहीत होतं. मी तिसऱ्यांदा बोलले नाही. तुम्हा तिघांची तोंडं काकांसमोर कशी होतात, ते मला बघायचं होतं. गिअरबॉक्स त्यात गेला आणि तोंड माझं झालं. काकांना हेही सांगायचं असेल तर सांग. ज्याच्या हाती बेचाळीस बस द्यायच्या त्याच्याबद्दल हे त्यांना कळायलाच हवं असं मलाही वाटतं, आणि तू नाही सांगितलंस तर मी सांगीन. फक्त आधी ती तीन वाक्यं, मग हे. उलट क्रमाने सांगितलंस तर पहिलं कुणी ऐकणार नाही.

काका येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता त्या जागेचा निर्णय करतायत. तू फोन केलास की नाही, ते मला गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव. हो किंवा नाही, एवढं पुरे.