लूम बंद पडल्यावरची वाट

आबा, जागा मला मिळाली. पीएच.डी.च्या माझ्या मॅडमनी काल संध्याकाळी फोनवर खात्री दिली. इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं संशोधन, विषय माझा नेहमीचाच: उंदरांचा मेंदू वाट कशी लक्षात ठेवतो. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे. भाऊ म्हणतो, नको. इथेच सुरतमध्ये, पर्वत पाटियाजवळच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी त्याने माझ्यासाठी बघून ठेवली आहे. "सुरतनं एवढा प्लेग पाहिला, अन् तू उंदरांपायी परदेशात चालली? आपल्या गोडादऱ्यात उंदीर कमी आहेत का?" मी हसले. मग त्याने तुमचं वाक्य काढलं आणि माझं हसू थांबलं.

ते वाक्य प्लेगनंतरच्या वर्षातलं. मी तिसरीत आहे आणि तुमचा डबा घेऊन लूमच्या खात्यावर, तुमच्या त्या यंत्रमागांच्या शेडवर, निघाले आहे. गल्ल्या सगळ्या सारख्या, खाती सगळी पत्र्याची, म्हणून मी कानांनी चालते. खडखडाट जाड होतो तिथे डावीकडे, दोन खात्यांचे आवाज एकमेकांवर आदळतात तिथे सरळ. घरात हे कुणालाच ठाऊक नाही. आणि निम्म्या वाटेत लाइट जाते. लूम थांबतात, गल्ली एकदम मुकी होते. आवाज आत्ता परत येईल म्हणून मी चालतच राहते, ती थेट पर्वत पाटियाच्या चौकात निघते. तुमच्याच खात्यातल्या एका कारागिराने मला तिथे ओळखलं आणि सायकलवर बसवून तुमच्यापुढे आणून उभं केलं. वरण सांडलेलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हिले घर बी सापडत नही, ही काय दुन्या देखी?" कारागीर हसले. दुसऱ्या दिवसापासून डबा भाऊ न्यायला लागला.

तुम्ही चिडला होतात की घाबरला होतात, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. आता करत नाही. काहीही असो, वाक्य चूक होतं. वाट मी विसरले नव्हते, वाटेची खूण बंद पडली होती. ओळखीची खूण काढून घेतली की डोक्यातला नकाशा तगतो की मोडतो, याच प्रश्नावर मला ही जागा मिळाली आहे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, हा विषय सुचला कुठून? मी लूमचं सांगितलं, तुमचं वाक्य गाळलं. त्याला तेवढा मान द्यायची माझी तयारी नव्हती. आबा बोलले म्हणून तू शिकलीस, असं भाऊ उद्या चार लोकांत म्हणेल. म्हणू दे. तुम्ही बोललात, तरी मी शिकले.

होकार मी आत्ताच पाठवला. संध्याकाळी भाऊला सांगेन. आधी तो चिडेल, आणि मग दोन दिवसांनी माझ्यासाठी मोठी बॅग बघायला स्वतःच बाजारात येईल. तुम्ही आता नाही आहात, म्हणून हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते त्या बॅगेच्या तळाशी जाईल. एक मात्र तुम्हाला सांगून ठेवते, आबा. तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी मी वाट चुकणार आहे, आणि ती माझी मीच शोधून काढणार आहे.