बेटावर अडकलेल्या ‘आई’ला घरी सोडण्याबाबत

प्रति,
मा. निवास-नोंदणी अधिकारी,
धक्का कार्यालय, बेट विभाग.

विषय : कुटुंब-कार्डावरील ‘आई’ ही नोंद रद्द करून अर्जदारास लाँचमध्ये बसू देणेबाबत.
संदर्भ : खिडकी क्रमांक दोनवर वेळोवेळी मिळालेले तोंडी उत्तर, “उद्या या.”

महोदय,

१. अर्जदार ही महाविद्यालयीन विद्यार्थिनी असून उन्हाळी अभ्यासक्रमासाठी आपल्या देशात आली. अभ्यासक्रम संपला, आता घरी जाण्याआधी थोडे भटकून यावे, म्हणून ती एक मित्र व एक मैत्रीण यांच्यासह आपल्या बेटावर उतरली. मित्रास लंबू म्हणतात, मैत्रिणीस चष्मिस. तिकिटे, बिस्किटे आणि तापाच्या गोळ्या दोघेही हरवतात, म्हणून त्या अर्जदाराच्या पिशवीत असत. ती पिशवीच तिला नडली. अर्जदाराचे परतीचे विमान येत्या रविवारी आहे व व्हिसाही त्याच दिवशी संपतो, ही गोष्ट कृपया वाचताना ध्यानात ठेवावी.

२. येथील अतिथीगृहात खोली फक्त कुटुंबाला मिळते, हे धक्क्यावर उतरल्यावर समजले. तोवर परतीची लाँच निघून गेली होती. आपल्या कारकुनांनी नाते विचारताच लंबूने अर्जदाराकडे बोट दाखवून ‘ही आमची आई’ असे सांगितले. अर्जदार त्या क्षणी चष्मिसच्या खरचटलेल्या गुडघ्याला मलम लावत होती, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. आई वीस वर्षांची व मुलगा एकवीस वर्षांचा, असे कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिले गेले. याबाबत नंतर विचारले असता, “वय दुसऱ्या टेबलावर बघतात. इथं फक्त नातं,” असे सांगण्यात आले. दुसरे टेबल आहे, पण त्यावर माणूस नाही. त्या संध्याकाळी तिघेही पोट दुखेपर्यंत हसले, आणि अर्जदार सर्वांत जास्त हसली.

३. परत निघताना लाँचमध्ये दोनच जागा होत्या. आईच्या संमतीपत्रावर मुलांना एकटे जाता येते, असे धक्क्यावरच्या शिपायांनी सांगितले. अर्जदाराने मोठ्या मनाने दोन संमतीपत्रे लिहून दिली व मागाहून येते म्हणून हात हलवला. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पुढच्या लाँचला शिपायांनी कार्ड पाहून मुले कुठे आहेत, असे विचारले. गेली, असे सांगताच त्यांनी फाटक लावून घेतले. मुलांना आईच्या परवानगीने जाता येते. आईला मात्र मुलांना घेऊनच जावे लागते, असा नियम आहे. आईला परवानगी कोण देतो, असे विचारता त्यांनी तसा रकाना नसल्याचे दाखवले.

४. मुलांना परत बोलावण्यासाठी अर्जदाराने फोन केला. दोघे तिकडे डोंगरात फिरत आहेत. लंबू म्हणाला, काळजी कसली, तू सगळं निस्तरतेसच की. चष्मिसने आपले मोजे कुठे ठेवलेत, एवढेच विचारले. अर्जदाराने ते सॅकच्या बाजूच्या कप्प्यात असल्याचे सांगितले आणि फोन ठेवल्यावर धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून ती रडली. तिला त्यांचा राग आला होता व आजही आहे.

५. मध्यंतरी कार्डाच्या आधारे येथील शाळेने अर्जदारास पालकसभेचे बोलावणे धाडले. तेथे कोणी भला माणूस भेटेल या आशेने ती गेली. वेळेवर पोहोचलेली ती एकटीच असल्याने तिची चिटणीस म्हणून एकमताने निवड झाली. सहामाही परीक्षेपर्यंत चिटणीसांना बेट सोडता येत नाही. आगीतून निघून फुफाट्यात पडणे ते हेच.

६. काल अर्जदाराच्या आईचा, म्हणजे खऱ्या आईचा, फोन आला. मुलीला असं कोणी अडकवून ठेवतं का, असे तिने रागाने विचारले. “मुलीला नाही गं, आईला अडकवलंय,” असे अर्जदाराने सांगितले. पलीकडे भांडी विसळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “मग कठीण आहे बाई. मला तरी कुणी सोडलंय?” अर्जदार हसली. आई हसली नाही. गेली वीस वर्षे आपणही तिला मोजे कुठे आहेत हेच विचारत आलो, हे अर्जदाराच्या तेव्हा लक्षात आले, आणि तेव्हापासून तिला घरी जाण्याची जास्तच घाई झाली आहे.

७. सबब विनंती की, सदर नोंद रद्द करावी. नोंद रद्द होत नसेल, तर निदान दुसऱ्या टेबलावर कोणाला तरी बसवावे. तेही जमत नसेल, तर आपल्या दारावरील फलकाचा विचार व्हावा. हरवलेले मूल सापडल्यास कोणतेही कार्ड न पाहता त्याच दिवशी घरी पोहोचवले जाईल, असे त्यावर लिहिले आहे. अर्जदारास त्याखाली घ्यावे. वर्णन पुढीलप्रमाणे : मुलगी, वय वीस, अंगाने बारीक, अंगावर निळा सदरा, खांद्याला जड पिशवी. नाव विचारल्यास सांगते. दुसऱ्यांच्या वस्तू कुठे आहेत, हेही सांगते. आई कुठे आहे, असे विचारल्यास रडू लागते.

रविवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
अर्जदार
(सही)

स्थळ : धक्का, फाटकाच्या आतली बाजू
दिनांक : शुक्रवार, कार्यालय उघडण्यापूर्वी

सोबत : कुटुंब-कार्ड, विमानाचे तिकीट, दोन संमतीपत्रांच्या प्रती.