पायाळू मुलीचा पाय

आबा, आज माझ्या पोटाची सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही, सगळं ठीक आहे. गेल्या महिन्यात रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढलेलं निघालं आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला काही झालं होतं का? तेव्हा तुमची गोष्ट सांगावी लागली. वडिलांची पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली होती, म्हटलं. इतक्या कोरडेपणाने तुमच्याबद्दल मी कधी कोणाशी बोलले नव्हते.

तुमच्या पाठदुखीला घरी आपण उसण म्हणायचो. तुम्ही रसायनीच्या कारखान्यात फिटर, पाठ धरणारच, त्यात कोणाला काय वावगं वाटणार! आणि मी जन्मताना पाय आधी बाहेर काढलेली, म्हणजे पायाळू. माझा पाय तीनदा पाठीला लागला की उसण उतरते अशी मोहोपाड्याच्या अख्ख्या कॉलनीची खात्री. रविवारी दारात माणसं यायची. तुम्ही धम्मदीक्षा घेतलेले, अंगारेधुपारे करणाऱ्यांना फाडून खाणारे. पण दहा वर्षांची मी किती तोऱ्यात असते ते बघून तुम्हीच हसत सतरंजीवर पालथे पडायचात. "ये गं डाक्टरीण! आमी काय फी देनार नाय हां!"

त्या दिवशी मात्र तुम्ही सकाळपासून कण्हत होतात. शेजारच्या तीन-चार बायका दारात उभ्या. मी तुमच्या कमरेवर पाय ठेवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरानेच. तुम्ही उठून बसलात. "गेली बघ उसन. हाय कुठं आता?" शर्ट चढवून दुसऱ्या पाळीला निघालात आणि कारखान्याच्या फाटकाशीच कोसळलात, ते कायमचेच. त्यानंतर मी कोणाच्या पाठीला पाय लावला नाही.

माझ्या पायानेच ती फुटली का, हे आज तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्याच मी विचारून टाकलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, तो फुगा वर्षानुवर्षं वाढत असतो. पोरीच्या पायाने काय होणार?" होमोसिस्टीन अशा रुग्णांत पुष्कळदा वाढलेलं सापडतं, पण ते कारण की नुसतं बरोबर येणारं, हे अजून नक्की नाही, तुमच्या विड्या ओढण्याचा वाटा मोठा असणार, असंही म्हणाल्या. मला बी-बारा आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. बाहेर येऊन मी एकटीने मिसळ खाल्ली, वर दोन चहा. फार बरं वाटलं, आबा. इतकी चव कित्येक वर्षांत लागली नव्हती.

हे पत्र रिपोर्टच्या फायलीतच राहील. एक गोष्ट तेवढी डॉक्टरीणबाईंना सांगितली नाही. तुमची उसण गेली नव्हती. शर्टाची बटणं लावताना तुम्ही भिंतीला टेकला होतात, ओठ दाताखाली होता, आणि ते मला दिसलं होतं. पण दारातल्या बायका माझं कौतुक करत होत्या.