नावाड्याचा आवाज

रसीन, ९ जानेवारी

प्रिय कॉर्बिन,

तुझं नाताळचं पत्र पोचलं. दाढ काढल्याचं वाचलं, आता सूज उतरली असेल. इकडे सगळं ठीक. सरोवरावरून असा वारा येतोय की खिडक्यांना जुन्या रजया लावून ठेवल्यात. आई अजून फ्लोरिडात मावशीकडेच आहे. नाताळला फोन केला तर हवेबद्दल बोलली. तुझं तिनं विचारलं नाही, मीही काढलं नाही.

दुकानातली नोकरी सोडून मी नक्की करते तरी काय, आणि लोक त्याचे पैसे कसे देतात, असं तू विचारलंस. तुझ्या बराकीतली मंडळी हसली म्हणे. हसू देत. आपण दोघं तळघरात जे करायचो तेच मी करते. पाच माणसं पाच गावांहून कॉम्प्युटरच्या पडद्यावर जमतात, माणशी फी भरतात, आणि तीन-चार तास मी त्यांना गोष्टीतून फिरवते. तू दारापाशी उभा आहेस, आतून कण्हण्याचा आवाज येतोय, काय करतोस? मग फासे पडतात. राजा मी, चेटकीण मी, भुकेला लांडगाही मीच. तुम्ही तिकडे फासे मिळत नाहीत म्हणून पुठ्ठ्याची भिंगरी फिरवता ना, तसंच, फक्त इथे गिऱ्हाईक असतं.

आणि गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईकच. दुकानात ते गेलं की चेहरा सैल सोडता यायचा. इथे ते सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसलेलं असतं. परवा एकाचा योद्धा मेला, अगदी नियमानं मेला. तर त्यानं लिहून पाठवलं, ‘मी मरायला पैसे भरलेले नाहीत.’ केला जिवंत. काय करणार? त्यानं वेबसाइटवर दोन वाईट ओळी लिहिल्या की खुर्च्या रिकाम्या पडतात.

रविवारचं टेबल मात्र मला आवडतं. दुपारी दोनला सुरू होतं. तुला न विचारता एक केलंय, त्या टेबलाला मी आपण तळघरात रचलेलं राखेचं खोरं दिलंय. नदी, पडका घाट, सगळं. हॉलिस म्हणून ओमाहाचा एक दातांचा डॉक्टर आहे, ओरेगनच्या दोन नर्सा आहेत, एक शाळामास्तर आहे आणि डार्लीन. साठीची बाई, आयुष्यात कधी हा खेळ खेळलेली नाही. सगळे तलवारबहाद्दर झाले, ही झाली पाव भाजणारी, कमरेला लाटणं. सगळ्यांना जेवलात का विचारते. गोष्टीतल्या राक्षसालाही तिनं विचारलं.

तुझा नावाडी तिचा भारी लाडका. मी तो तू करायचास तसाच करते. शब्द अडला की वल्हं फळीवर आपटायचं, आणि मग शब्द बाहेर. काही ना काही निमित्त काढून डार्लीन दर रविवारी नदी ओलांडते.

सुटल्यावर तू कुठे राहणार त्या पत्त्याच्या कागदाचं विचारलंस. बघते. मागची खोली आता खेळाची झाली आहे, भिंतींना आवाज दाबणारा स्पंज, दिवे, कॅमेरा. खाट कुठे टाकायची हा प्रश्नच आहे. पण बघते.

तुझी,
ग्रेचेन

*

रसीन, १३ फेब्रुवारी

कॉर्बिन,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. रागावलेली नाही. सर्दीनं आवाज बसला होता, म्हणून दोन रविवार टेबल बंद ठेवलं. निदान त्यांना तरी तसं सांगितलं.

सुटकेनंतर तुझ्यावर देखरेख ठेवणार आहे त्या अधिकाऱ्याचा फोन आला होता. पत्ता पक्का केला नाही तर तुला मिलवॉकीच्या, सुटलेल्या कैद्यांच्या वसतिगृहात पाठवतील म्हणाला. मी मार्चपर्यंत वेळ मागून घेतला.

आपली पत्रं तुझ्याआधी कुणीतरी वाचतं, हे दर वेळी मनात येतं आणि हात थांबतो. पण एक विचारते. शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीशांनी तुला विचारलं होतं, काही बोलायचं आहे का. तू नुसती मान हलवलीस आणि खाली बघितलंस. का? इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही. आता मला ते कळायला हवं.

काळजी करू नकोस असं लिहिणार होते. नाही लिहवत.

ग्रेचेन

*

रसीन, १२ मार्च

प्रिय कॉर्बिन,

तुझं उत्तर वाचलं. चार ओळींचंच, पण मी ते ओट्यापाशी उभ्याउभ्याच वाचून काढलं. आता माझी पाळी. कुणी आधी वाचणार असेल तर वाचू दे.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारची गोष्ट. मंडळी घाटावर आली. तुला आठवत असेल, आपल्याकडे खेळातली नाणी नव्हती म्हणून तू नियम काढला होतास, नावाडी पैसे घेत नाही, मागच्या काठावर ज्याला सोडून आलात त्याचं नाव घेतो. डार्लीन दर वेळी काहीतरी गमतीचं नाव द्यायची. कधी मांजराचं, कधी उसनी शिडी परत न करणाऱ्या शेजाऱ्याचं. मी वल्हं आपटलं आणि तुझ्या आवाजात विचारलं, “को... को... कोणाला सोडून आलात, बाई?”

ती म्हणाली, “कर्टिस. एकोणीस वर्षांचा होता. कामावरून चालत घरी येत होता.”

हॉलिसनं टाळ्या वाजवल्या. “वा डार्लीन, काटा आला अंगावर!” नर्सांपैकी एकीनं डोळे पुसले. आणि मी, कॉर्बिन, मी नावाड्याच्या आवाजात म्हटलं, “बसा.” आणि नाव पलीकडे नेली. पुढचा दीड तास खेळ चालवला. दलदल, दिवे, चोरांची टोळी, सगळं. चौघांनी पैसे भरले होते आणि त्यांना काही ठाऊक नव्हतं.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. कर्टिसच्या आईची फक्त पाठ पाहिली होती. पुढे तिनं दुसरं लग्न केलं, आडनाव बदललं, आणि टेबलावर आडनाव विचारतं कोण?

बाकीचे गेले. ती राहिली.

“तुला कळलं,” ती म्हणाली.

“हो.”

“तो सुटायचा असला की आम्हालाही आधी कळवतात. पत्र आलं तेव्हा तुझं नाव शोधलं. म्हटलं, तो बाहेर येऊन जाणार कुणाकडे ते बघू तरी. तर तुझी जाहिरात सापडली, नवख्यांचं स्वागत. एका रविवारची फी भरली.” मग म्हणाली, “तू वाईट निघावीस असं मला फार वाटत होतं गं.”

मी म्हटलं, “तुमचे पैसे मी परत करते. सगळे.”

ती एकदम भडकली. तिला रागावलेलं मी तेवढंच पाहिलं. “खबरदार! फुकट असतं तर मी दुसऱ्यांदा आले नसते. फुकट कुणाकडे जाऊन बसलं की माणूस काहीतरी देणं लागतो. इथे मी पैसे मोजते, तू खेळ चालवतेस. कुणी कुणाचं काही लागत नाही. तेवढंच मला जमतं.” आणि पडदा बंद.

म्हणून ते दोन रविवार मी आजारी होते.

तिसऱ्या रविवारची फी तिनं शुक्रवारीच भरून टाकली होती. मी टेबल उघडलं. ती आली, जेवलात का विचारलं, लाटण्यानं एका चोराचं डोकं फोडलं. मार्चच्या पहिल्या रविवारी खेळ संपल्यावर ती पुन्हा मागे राहिली. तुझं पत्र तोवर आलेलं होतं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “तो नावाडी. बाकी सगळ्या आवाजांत कुठेतरी तू असतेस. त्याच्यात नसतेस. कुणाचा आहे तो?”

कॉर्बिन, खोटं बोलायला मला अर्धा क्षण पुरला असता. माझा धंदाच तो.

“भावाचा,” मी म्हटलं.

तिच्या मागच्या स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारायला लागली. तिनं उठून गॅस बंद केला, परत येऊन बसली.

“असा अडखळतो तो?”

“लहानपणापासून. घाबरला की जास्त.”

“कोर्टात तो एक शब्द बोलला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढी वर्षं मी म्हणत आले, माजोरडा आहे मेला, सॉरी म्हणायला जीभ झिजली असती का त्याची.”

तेव्हा मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तुला विचारायला हवं होतं, ठाऊक आहे. ‘शब्द आला नसता. आणि त्या बाईसमोर तोंड वेडंवाकडं करत अडखळलो असतो तर तिला वाटलं असतं, दया यावी म्हणून सोंग करतोय. म्हणून गप्प बसलो. तिचं नाव घ्यायचीही माझी लायकी नाही.’ एवढंच वाचलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “यानं काही बदलत नाही.”

“नाही बदलत,” मी म्हटलं.

“तो दारू पिऊन गाडीत बसला, तेव्हा अडखळला नाही.”

“नाही.”

“मग ठीक आहे.” पण ती उठली नाही. शेवटी तिनं विचारलं, “त्याच खोलीत राहणार तो? तू बसतेस, पाठीमागे ते दार दिसतं, त्या?”

त्या क्षणापर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. पत्त्याचा कागद फ्रीजवर चुंबकाखाली लावलेला होता आणि दूध काढताना मी नजर दुसरीकडे फिरवत होते. तुला खोलीची, खाटेची अडचण लिहिली ती खोटीच. तू आलास की दारावरची घंटा वाजेल, शेजारीपाजारी बघतील, तू गप्प बसशील आणि ते गप्प बसणं मला रोज ऐकावं लागेल, ही भीती होती. डार्लीन समोर आली तेव्हा एक वाईट विचार मनात आला, तोही लिहिते. वाटलं, बरं झालं, आता नाही म्हणायला मला चांगलं कारण मिळालं.

पण तिनं विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, “हो. इथेच.”

“रविवारी?”

“रविवारी तो घरात नसेल.”

तिनं मान हलवली. “मग पुढच्या रविवारी आपण डोंगर चढायचा ना? हॉलिसला म्हणावं, दोर घेऊन ये. मागच्या वेळी विसरला होता.”

तर आता ऐक. अधिकारी मंगळवारी येऊन खोली बघून गेला. त्याला सगळं सांगितलं, कारण तुला तिच्याशी संबंध ठेवायला बंदी आहे आणि मला पुढे भानगड नको. भिंतीवरच्या स्पंजला बोट लावत तो बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, नोकरीत असं प्रकरण त्याच्यापुढे आलेलं नाही. खेळाच्या वेळी तू घरात नसशील आणि त्या कॉम्प्युटरला हात लावणार नाहीस, असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि कागदावर सही केली. घडीची खाट आणली आहे. कॅमेऱ्यामागच्या भिंतीशी टाकली की पडद्यावर दिसत नाही.

रविवारी दीडला तू घर सोडायचं, सहाच्या आत परत यायचं नाही. बर्फ असो, ताप असो, तुझा वाढदिवस असो. धक्क्यावर जा, चर्चमध्ये बस, वाचनालयात बस. किती दिवस, असं विचारू नकोस. ती येते आहे तोवर. वेळेवर येते, फी भरते, दुसऱ्याला बोलू देते. अशा गिऱ्हाइकाला काढायला माझ्याकडे कारण नाही, आणि कारण असतं तरी काढलं नसतं. आणि मी तुलाही काढू शकत नाही. तुम्ही दोघं एकमेकांना कधी दिसणार नाही, आणि मी मात्र रोज तुमच्या दोघांच्या मधे असेन. या खोलीला एकच दार आहे, कॉर्बिन.

आणखी एक. नावाड्याचा आवाज बदलू का, असं मी तिला विचारलं. नको म्हणाली. का ते तिनं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. म्हणजे तू बाहेर थंडीत पाय ओढत फिरत असशील तेव्हा इथे आत तुझ्याच आवाजात मी तिच्याशी बोलत असेन. ती नाव देईल, मी वल्हं आपटेन आणि बसा म्हणेन. तुला कधीतरी जे म्हणायचं असेल ते मात्र मी म्हणणार नाही. ते माझ्या फीमध्ये बसत नाही.

एप्रिलमध्ये फाटकाबाहेर गाडी घेऊन उभी असेन. गरम टोपी आणते.

रविवार सोडून बाकी सगळे दिवस तुझी,
ग्रेचेन