शेठच्या गाडीचं दार

लेस्टर, इंग्लंड, रविवार

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

"आपल्याला शोभत नाही" म्हणून तुम्ही फोन ठेवून दिलात, म्हणून लिहितेय. हो, मी जुनी कॅडिलॅक घेतली आणि ती विकणार नाही.

नागपूरच्या शेठची कॅडिलॅक तुम्ही वर्षानुवर्षं धुतलीत, चालवलीत. मागच्या सीटवर मात्र एकदाही बसला नाहीत. तेव्हा ती राजेरजवाड्यांची गाडी. पुढे तिच्या अमेरिकेतच लोक तिला म्हाताऱ्यांची गाडी म्हणून हिणवायला लागले. आता इलेक्ट्रिक होऊन पुन्हा मिरवतेय म्हणे. माझी जुनीच आहे. शेजारी हसतात, गल्लीत मावत नाही म्हणतात. हसू देत. नाव खाली गेलं तरी ती रस्त्यावरून हटली नाही, हेच मला आवडतं.

स्टिअरिंग डावीकडे आहे. इथल्या सवयीने मी रोज उजव्या दाराने शिरते आणि बावळटासारखी बसून राहते!

इथल्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो लावून तीच सगळ्यांत पुढे होती.

कामावर थोडी कुरबुर चाललीय, पण होईल नीट. आईचा गुडघा कसा आहे? तुम्ही बीपीची गोळी घेता ना?

जूनमध्ये दोघं या. मागे बसायचं, गाडी मी चालवणार. शेठ म्हणायचे ना, "बबन, दार हळू लाव"? माझ्या गाडीचं धाडकन लावा. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं पाहिजे.

तुमच्यासारखीच हट्टी,
रचना