जलवंती अजून पास व्हायची आहे

बोरीवली (पूर्व)
१० फेब्रुवारी १९८६

प्रिय दादा,

तीर्थरूप लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. हे पत्र धाकटा भाऊ म्हणून कमी आणि बोरीवली मॉडेल मंडळाचा कार्यवाह म्हणून जास्त लिहितोय. वनमालावहिनी, तुम्हीच वाचताय ना? सावकाश वाचा, आणि दादा मध्येच बोलायला लागला तर थांबू नका, त्याला म्हणावं आधी सगळं ऐक. तर दादा, आपल्या जलवंती बोटीच्या मॉडेलला काल पहिलं बक्षीस मिळालं. मुलुंडच्या शाळेत उपनगरातल्या सगळ्या मंडळांचं प्रदर्शन होतं. घाटकोपरवाल्यांनी रिमोटवर चालणारी लढाऊ बोट आणली होती, अंधेरीवाल्यांनी पंख हलणारं विमान. त्यांच्यासमोर आपली कोकणची बोट, पाण्यात नुसती उभी, आणि गर्दी मात्र आपल्याकडे. पितळी ढाल आत्ता माझ्यासमोर आहे. तरी सांगतो, जलवंती अजून पास झालेली नाही.

आमच्या मंडळाचा नियम तुला मागे एकदा लिहिला होता, पुन्हा लिहितो. खऱ्या वस्तूवर ज्याने हात काळे केलेत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून ‘पास’ म्हटल्याशिवाय आमचं एकही मॉडेल काचेत जात नाही. इंजिन केलं तेव्हा एका रिटायर्ड ड्रायव्हरने शिटीची दोरी चुकीच्या बाजूला आहे असं दाखवलं, आम्ही अख्खी केबिन उचकटली. डबलडेकर बस केली तेव्हा डेपोतला मेकॅनिक नुसता हसला आणि म्हणाला, मागची नंबरप्लेट इतकी सरळ कधी असते का? ती आम्ही वाकडी केली. हा नियम माझा. सीताराम म्हणतो, हा नियम म्हणजे तुझा खडूसपणा. सीताराम म्हणजे माझ्या कारखान्यातला टर्नर. मंडळातलं धातूचं सगळं काम त्याचं. लोक मला विचारतात, कुठे शिकलात? मी सांगतो, सातवीपर्यंत गावच्या शाळेत आणि पुढे फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत. सांगताना मान खाली घालत नाही, कधी घातली नाही.

जलवंतीचं ड्रॉइंग कुठे मिळालं नाही. कंपनी बंद झाली, बोट भंगारात गेली. हाताशी एक जुनं कॅलेंडर, त्यावर बोटीचं बोटभर चित्र. मग मी कोकणातली माणसं गाठायला लागलो. सांताक्रूझ, गोवंडी, जिथे कोणी जुना प्रवासी असेल तिथे कागद-पेन्सिल घेऊन जायचं. भोंग्याचा, म्हणजे धुराड्याचा, रंग कोणी काळा सांगे, कोणी पिवळा. एक म्हातारे तर म्हणाले, भोंगा बघायला सवड कोणाला होती, आम्ही ओकत होतो. शेवटी जे धरलं ते तुझं धरलं. तिच्यावर खलाशी होतास तेव्हा सुट्टीत तू पडवीत बसून सांगायचास ना, डेकवरून पोटात उतरायची शिडी कुठे, पाण्याची पिंपं कुठे, तेच सगळं. खऱ्या बोटीचे पन्नास फूट म्हणजे आमचा एक फूट, या मापाने दीड वर्ष काम चाललं. सांगाडा सागवानी, वरचा पत्रा सीतारामने ठोकला, आणि कठड्याचे बार मी एकेक करून झाळून जोडले. चाळीशी लावून झाळले, पण एकही तिरका नाही.

आता आमची फजिती ऐक. बोट कुठली दाखवायची, तर बंदराला लागलेली. म्हणजे लागलेली कसली, लांब खोल पाण्यात थांबलेली आणि किनाऱ्यावरून माणसं उतरवून न्यायला पडाव निघालेले. अशा वेळी माणसं कुठे असणार? सगळी किनाऱ्याच्या बाजूच्या कठड्याला. सीतारामने शिशाची माणसं ओतली, कारण प्लास्टरची फुटतात. आणि रत्नप्रभाबाईंनी ती रंगवली. या आमच्या शेजारच्या शाळेत चित्रकला शिकवतात, माहेर मालवणचं. नऊवारी लुगडी, वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, एका बाईच्या कडेवर फणससुद्धा. शंभरावर माणसं आम्ही एका बाजूला दाटीवाटीने चिकटवली, कौतुकाने बघत बसलो, आणि रविवारी सोसायटीच्या टाकीत बोट सोडली. सोडल्याबरोबर ती किनाऱ्याच्या बाजूला अशी कलली की कठडा पाण्याला टेकला. सीताराम म्हणाला, गाव दिसल्याबरोबर पाया पडतेय बघ.

प्रदर्शन तोंडावर आलेलं. शिवदासने सरळ उपाय सांगितला. शिवदास म्हणजे आमचा रंगकामाचा माणूस, हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरी, मूळचा साताऱ्याकडचा. त्याने बोट उभ्या जन्मात पाहिलेली नाही. तो म्हणाला, अर्धी माणसं उचलून पलीकडे लावा, मोजायला कोण येतंय? मला रागच आला. आपलं गाव इकडे दिसत असताना पलीकडे दर्याकडे तोंड करून कोण उभा राहील? रत्नप्रभाबाई माझ्या बाजूने उठल्या. म्हणाल्या, एक माणूस जरी तिकडे लावलात तरी मी ब्रश खाली ठेवीन. शिवदास वैतागला, म्हणाला, मग बुडवा तुमचं कोकण. आठवडाभर कोणी कोणाशी नीट बोललं नाही. माझीही झोप उडाली, कारण कललेली बोट घेऊन जाणं म्हणजे पहिल्याच प्रदर्शनात हसं करून घेणं, आणि खोटी माणसं लावून नेणं त्याहून वाईट.

आणि एके दिवशी कारखान्यात, लेथवर हात असताना, तुझी पाठ आठवली. आई तेल चोळायची आणि तू पालथा पडून शिव्या घालायचास. बंदर यायच्या आधी खलाशांनी पोटात उतरायचं आणि तांदळाची पोती दर्याच्या बाजूला ओढायची, का, तर वरची माणसं पडाव बघायला एका बाजूला धावणार. बंदर गेलं की पोती परत मध्ये. पुढचं बंदर आलं की पुन्हा. मी तसाच सीतारामकडे गेलो. त्याला पटायला एक विडी पुरली. रत्नप्रभाबाईंनी जुन्या गोणपाटाची चिमुकली पोती शिवली, आम्ही त्यांत शिशाचे छर्रे भरले आणि तुझ्यासारखीच बोटीच्या पोटात दर्याच्या बाजूला थप्पी लावली. बोट पाण्यात सोडली. जलवंती सरळ उभी राहिली, दादा. एक माणूस न हलवता.

डेकचं झाकण बसवायच्या आधी रत्नप्रभाबाई म्हणाल्या, थांबा. पर्समधून त्यांनी कागदात गुंडाळलेला एक खलाशी काढला. निळा सदरा, पाठ वाकलेली, दोन्ही हात पोत्याला. मी म्हटलं, बाई, झाकण लागल्यावर हा दिसणार कोणाला? त्या म्हणाल्या, “वरची सगळी ज्याच्यामुळे सरळ उभी आहेत, तो खाली नको?” मग मीच त्याला थप्पीशी चिकटवला. तो आत आहे.

काल मुलुंडला काय झालं ते तू बघायला हवं होतंस. परीक्षक एकदा वाकून बघून गेले, त्यांनी पाण्याची रेघ बोटीला दोन्हीकडे सारखी आहे की नाही ते पट्टी लावून बघितलं. सारखी होती. पण खरी परीक्षा गर्दीने घेतली. भांडुपहून सुंदराबाई नावाची एक म्हातारी नातवाचा हात धरून आली. बोटीकडे बघत राहिली, आणि मग मागच्या डेकवर, शिडीजवळच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, “हयच बसान मी लगीन करून मुंबैक इलंय.” हात लावू नये अशी पाटी होती, पण मी तिला लावू दिला. तिच्यामागून सगळे आपापली जागा दाखवायला लागले, जागेवरून दोघांची भांडणंही झाली. शिवदास, ज्याने बोट पाहिलेली नाही, तो छाती काढून लोकांना समजावत होता की किनाऱ्याच्याच बाजूला माणसं का. ढालीसाठी नाव पुकारलं तेव्हा मी पुढे गेलो नाही, सीतारामला ढकललं. खोटं कशाला लिहू, मला डोळे पुसायचे होते.

बक्षीस देताना बोरीवलीच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की जलवंती कायमची वाचनालयात ठेवू, काचेच्या कपाटात, दारासमोर. टाळ्या झाल्या. मी उठून म्हटलं, आभारी आहे, पण मॉडेल अजून पास झालेलं नाही, त्यामुळे काच लागणार नाही. परतताना सगळे माझ्यावर तुटून पडले. सीताराम म्हणाला, तुझ्या दादाला पत्रातून सगळं वर्णन कर आणि ‘पास’ म्हणून तार मागव, त्याला कोकणात बसून काय कळणार? मी सांगितलं, ऐकून पास होत नाही, आमच्यात बघून पास होतं. तुझ्या डोळ्यांना आता दिसत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मग शिवदास बोलला.

त्याने काय सांगितलं तेच लिहायला बसलो होतो, आणि इतकं पाल्हाळ झालं. त्याच्या हॉस्पिटलात मोतीबिंदूचे जे डॉक्टर आहेत त्यांच्याशी तो आज सकाळी बोलून आला. होळीनंतर ऑपरेशन, आधी उजवा डोळा, मग डावा. डोळ्यांच्या शिबिरात कोणाचा तरी डोळा गेला, ते तू धरून बसलायस, म्हणून सांगतो, हे शिबिर नाही, आणि शिवदास सगळा वेळ तुझ्याजवळ असेल. मागच्या वेळी मी विषय काढला तेव्हा तू म्हणालास, “बघूचा काय रवला हा आता?” तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता आहे, सव्वा वाराचं, आमच्या खोलीत टेबलावर, काच न लावलेलं. वहिनींना घेऊन ये. शिडी चुकली असेल, भोंगा चुकला असेल, पोत्यांची थप्पी चुकली असेल. शिव्या घालून सांग, आम्ही सगळं उचकटून पुन्हा करू. सीताराम आत्तापासून घाबरलाय. पण दादा, चूक तुला दिसली पाहिजे.

वाट बघणारा, तुझाच,
धोंडू